हातातला सैनिक आणि पटावरची फौज

प्रश्न : नागपुरातील एक वाचक लिहितात की, ते आणि त्यांचे पाच मित्र रविवारी एकत्र जमून ऐतिहासिक लढायांचे वॉरगेम, म्हणजे टेबलावर फौजा मांडून लढाई खेळायचे खेळ, खेळतात. आजवर पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांवर भागत होते. आता मात्र 1817 ची सीताबर्डीची लढाई धातूच्या छोट्या सैनिकांनिशी मांडायचे ठरले असून, 15 मिलिमीटर उंचीची मिनिएचर्स पारखून निवडण्याचे काम मित्रांनी त्यांच्यावर सोपवले आहे. त्यांनी दोन परदेशी उत्पादकांकडून नमुने मागवले. तिसरा नमुना गटातल्याच एका मित्राच्या भाच्याने दिला. हा मुलगा हिंगण्याकडे एका लहान कारखान्यात ओतकाम करतो आणि हौसेने सैनिकही ओतू लागला आहे. पहिल्या उत्पादकाच्या सैनिकावर गुंड्यासुद्धा मोजता येतात, पण तो बाकीच्यांहून उंच आणि महाग आहे. दुसऱ्याचा साधा, पण बांधेसूद आहे; फक्त त्याची बंदूक 'काठीसारखी जाड' वाटते. भाच्याचा खडबडीत आणि सर्वांत स्वस्त. 'परदेशी नमुना माझ्याकडे द्या, त्याचाच साचा करून हुबेहूब काढून देतो,' असेही भाच्याने सुचवले आहे. पत्रलेखक विचारतात : 'मी इतिहासाचा अभ्यासक नाही, गणवेशातले मला फारसे कळत नाही. भिंगाखाली पाहिले तर पहिलाच सरस वाटतो. पण पैसे सहा जणांचे आहेत आणि भाच्याला नाही म्हटले तर मित्र दुखावेल. चांगले कोणते हे ठरवायचे तरी कसे?'

उत्तर :

तुम्ही तिन्ही नमुने भिंगाखाली धरून पाहिलेत, आणि अडचण बहुधा तिथूनच सुरू झाली. भिंगाखाली जो सैनिक सरस दिसतो तोच खेळालाही सरस, असे तुम्ही नकळत गृहीत धरले आहे. आणि पारख म्हणजे तीन सुट्या सैनिकांची आपापसात तुलना, हेही त्याच्या मागोमाग आले. माझे मत असे आहे की, खेळासाठी घ्यायच्या मिनिएचरची पारख सुट्या सैनिकावरून होत नाही. तो ज्या रांगेत उभा राहणार, ज्या पटावर आणि जितक्या अंतरावरून दिसणार, आणि ज्या लढाईत उतरणार, तिथे नेऊनच त्याचे बरेवाईट ठरवावे लागते. काचेच्या कपाटात एकटाच ठेवायचा 54 मिलिमीटरचा सैनिक असता, तर भिंगाचा कौल मी विनातक्रार मान्य केला असता.

थोडा हिशेब करून पाहू. खऱ्या कोटाची गुंडी दोन सेंटिमीटर व्यासाची धरली, तर 15 मिलिमीटरच्या सैनिकावर ती जेमतेम 0.18 मिलिमीटरची असायला हवी. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून साधारण 0.3 मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही, आणि चार फूट रुंदीच्या टेबलाभोवती उभे राहणारे तुम्ही सहा जण आपल्या फौजेकडे साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहणार आहात. म्हणजे ज्या गुंड्यांवर तुमचे मन बसले, त्या प्रमाणात घडवल्या असत्या तर मोजता आल्या नसत्या. मोजता येतात याचा अर्थ त्या मुद्दाम फुगवून घडवल्या आहेत. यात लबाडी काही नाही, रंगवताना ब्रशला कंगोरा मिळावा म्हणून असे करतातच. मात्र त्याला अस्सलपणा समजून जास्तीचे पैसे मोजू नयेत. एक मीटरवरून दिसते ते निराळेच असते : डोक्यावर पागोटे आहे की उंच टोपी, बंदूक खांद्याला आहे की पुढे रोखलेली, अंगरखा घोळदार आहे की कोट आखूड, आणि सगळ्या तुकडीचा मिळून दिसणारा रंग. ही बाह्याकृती चुकली तर गुंड्या वाचवणार नाहीत.

आता लढाईकडे वळू, कारण कोणते सैनिक किती लागतील हे ठरल्याशिवाय कोणते चांगले हा प्रश्न अर्धाच राहतो. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सुरू झालेली ही लढाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. इंग्रजी वृत्तांतांप्रमाणे लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणि पायथ्याशी ईस्ट इंडिया कंपनीचे दीड हजारांच्या आतले सैन्य होते, आणि नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूला सुमारे 18,000 लोक व 36 तोफा. हा आकडा जिंकणाऱ्यांनी दिलेला आहे, त्यामुळे तो थोडा हात राखूनच घ्यावा. खेळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, भोसल्यांकडच्या तीन-चार हजार अरब शिपायांनीच लढाईचा खरा भार उचलला. घोडदळाचा मोठा भाग टेकड्यांना वेढा घालून मैदानातच राहिला. उत्तरेकडची लहान टेकडी, जी शहराच्या बाजूला होती, ती अरबांनी सकाळी जिंकून घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर तोफ डागायला सुरुवात केली. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्ड यांच्या बंगाल घोडदळाने मैदानात चढवलेला हल्ला आणि लहान टेकडीवर दारूगोळ्याचा झालेला स्फोट यांनी डाव फिरला.

एका मिनिएचरला 20 माणसे असे प्रमाण धरले, तर कंपनीच्या बाजूला 65 ते 70 सैनिक लागतील आणि भोसल्यांच्या बाजूला 900. हा आकडा पाहून बरेच हौशी गट पहिल्याच बैठकीत गार पडतात. पण वर सांगितलेले लक्षात घेतले तर 900 सैनिक सारख्याच प्रतीचे लागत नाहीत. साडेतीन हजार अरबांसाठी 175 मिनिएचर्स चांगली हवीत, कारण खेळभर हात त्यांनाच लागणार आणि नजरही त्यांच्यावरच राहणार. वेढ्यातले घोडदळ एकास शंभर प्रमाणात मांडले तरी पटावर तो दबाव दिसतो. याचा अर्थ तुमच्या बजेटचा मोठा वाटा अरब पायदळावर जावा. तिन्ही नमुने तुम्ही कंपनीच्या शिपायाचेच मागवले आहेत असे पत्रावरून दिसते. माझी पहिली सूचना हीच की, निर्णय घेण्याआधी प्रत्येकाकडून अरब शिपायाचा नमुना मागवा. एखाद्या उत्पादकाचा लाल कोटवाला देखणा असतो, पण त्याच्याकडे हिंदुस्थानी फौजा म्हणजे कोणत्या तरी पूर्वेकडच्या मालिकेतले दोन-तीन पागोटेवाले एवढेच असते, आणि मग निम्मी फौज मनाविरुद्ध गोळा करावी लागते.

प्रमाणाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा पहिला नमुना 'उंच' का वाटतो याचे उत्तर तिथे आहे. '15 मिलिमीटर' हे माप सगळे उत्पादक एकाच जागेपासून एकाच जागेपर्यंत मोजत नाहीत. काही जण तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण टोपी किंवा पागोट्यामुळे डोक्याचा माथा कुठे आहे हे ठरवता येत नाही. काही जण माथ्यापर्यंत मोजतात. 1.7 मीटर उंचीच्या माणसाचे डोळे साधारण 1.6 मीटरवर असतात. तेव्हा माथ्यापर्यंत 15 म्हणजे एकास 113 हे प्रमाण झाले, डोळ्यांपर्यंत 15 म्हणजे एकास 107. एवढा फरक पटावर खपून जातो. परंतु गेली कित्येक वर्षे या मापाचे सैनिक वाढतच चालले आहेत आणि त्याच नावाखाली डोळ्यांपर्यंत 18 मिलिमीटर भरणारेही विकले जातात. ते प्रमाण एकास 90 च्या आसपास जाते. दोघे शेजारी उभे केले की एक दुसऱ्याच्या धाकट्या भावासारखा दिसतो. सराफ वापरतात तसले व्हर्निअर कॅलिपर इतवारीत सहज मिळते. ते घ्या आणि तिन्ही नमुने तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजा, बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, जाडी वगळून.

उंचीपेक्षा जाडीचा फरक अधिक खुपतो, आणि ते मोजायचे मात्र पुष्कळांना सुचत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण बाजारातून आणलेले मातीचे मावळे मांडतो तेव्हा पहारेकरी दरवाजाएवढा आणि घोडा त्याच्या गुडघ्याएवढा असला तरी कोणी हरकत घेत नाही. वॉरगेममध्ये मात्र एकाच रांगेत वेगवेगळ्या बांध्याची माणसे आली की ती तुकडी वाटतच नाही. काही उत्पादक डोके, पंजे आणि बंदुका जाणूनबुजून मोठ्या करतात. त्यामुळे रंगवणे सोपे जाते आणि ओतताना भाग भरतात. काही जण प्रमाणबद्ध ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, अडचण येते ती मिसळण्यात. एका तुकडीत एकाच हातचे सैनिक असावेत, हा नियम पाळलात तर वेगळ्या उत्पादकाचे सैनिक पटाच्या दुसऱ्या टोकाला बिनधास्त उभे करता येतील. भोसल्यांची आणि कंपनीची फौज दोन निराळ्या उत्पादकांकडून घेतली तरी त्यामुळे काही बिघडणार नाही.

भिंगाखाली दिसणारे काही 'दोष' मुळात दोष नसतात, हेही सांगितले पाहिजे. कंपनीच्या शिपायाकडची 'इंडिया पॅटर्न' बंदूक सुमारे 1.4 मीटर लांब होती. एकास 110 प्रमाणात ती 13 मिलिमीटरच्या थोडी आत यायला हवी. हे कॅलिपरने तपासा, कारण आखूड बंदूक लांबूनही ओळखू येते. पण नळीची जाडी त्याच प्रमाणात काढली तर ती 0.2 मिलिमीटरच्या आसपास येते. धातू इतक्या बारीक फटीत शिरत नाही, आणि शिरला तरी पहिल्या स्पर्शाला वाकतो. दुसऱ्या उत्पादकाची बंदूक तुम्हाला 'काठीसारखी जाड' वाटली, पण ती तशीच असणे भाग आहे. संगिनीचे पाते प्रमाणाने चारेक मिलिमीटर भरायला हवे. ते थोडे जाड असले तरी स्वीकारा, कारण पहिल्या दहा खेळांत मोडणारा भाग बहुतेक वेळा तोच असतो.

घोड्यांकडे मात्र कडक नजरेने पाहा. परदेशी उत्पादक आपला नेपोलियनकालीन जाडजूड घोडा पागोटेवाल्या स्वाराखाली सर्रास घालतात. दख्खनी घोडा ठेंगणा. त्याची पाठीपर्यंतची उंची 1.4 मीटर धरली तर मिनिएचरमध्ये ती 13 मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. स्वाराचे पाय घोड्याच्या पोटाखाली किंचित उतरलेले दिसले तर मूर्तिकाराने अभ्यास केला आहे असे समजा.

आता ओतकामाची प्रत. इथे भिंग अवश्य वापरा, फक्त एका नमुन्यावर नव्हे. हे सैनिक बहुधा व्हल्कनाइज केलेल्या रबराच्या गोल साच्यात ओततात; साचा वेगाने फिरवतात आणि धातू केंद्रातून कडेकडे फेकला जातो. साच्याच्या दोन चकत्या जिथे मिटतात तिथे सैनिकाच्या अंगावर एक रेघ उमटते, आणि धातू बाहेर पाझरला तर पापुद्रा येतो. रेघ सगळ्यांवरच असते. ती कुठून जाते हे पाहायचे. खांद्यावरून आणि पायांच्या बाहेरून गेली असेल तर कानसने दोन मिनिटांत निघते. चेहऱ्याच्या मधोमध किंवा पागोट्याच्या पिळातून गेली असेल तर ती काढताना चेहराच घासला जातो. त्याहून वाईट म्हणजे दोन चकत्या सरकलेल्या असणे. सैनिक समोरून ठीक दिसतो, पण वरून पाहिला की पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्यापासून किंचित बाजूला गेलेला असतो. ही चूक कानसने जात नाही. असा सैनिक परतच करावा.

रबराचे साचे झिजतात. नवीन साच्यातला पहिला सैनिक नमुना म्हणून पाठवला आणि मागणीचा माल साचा थकल्यावर काढला, तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून एक सैनिक पाहून मत बनवू नये. एकाच ढबीचे निदान आठ-दहा मागवावेत, पिशवीतून न निवडता काढावेत आणि ओळीने मांडून पाहावे की किती जणांची संगीन अर्धवट आहे, किती जणांच्या पायाशी हवेचा बुडबुडा राहून खड्डा पडला आहे. दहांत एखादा सदोष असणे नेहमीचे. तीन-चार असतील तर 250 सैनिकांच्या मागणीत 75 ते 100 दुरुस्त करत बसावे लागतील, आणि तो वेळ कोणत्याही बिलात दिसत नाही.

वेळेचा हिशेब मी मुद्दाम काढला, कारण तुम्ही तिन्हींची तुलना फक्त एका सैनिकाच्या किमतीवर केली आहे. परदेशी मालावर सीमाशुल्क लागते आणि ते पाठवण्याच्या खर्चासह धरलेल्या किमतीवर लागते. सहा जणांनी सहा पाकिटे मागवण्याऐवजी एकच मागणी केली तर पाठवणावळ वाचते. त्यात बेस, रंग, वॉर्निश आणि सफाईचे तास मिळवा. मग सैनिकाची किंमत धरून चालू नका. टेबलावर उभ्या राहिलेल्या 15 जणांच्या एका तयार तुकडीची किंमत काढा आणि तीच मित्रांपुढे ठेवा. माझा अंदाज असा की, अशा हिशेबात पहिला आणि दुसरा यांच्यातली तफावत तुम्हाला वाटते त्याहून कमी निघेल आणि भाच्याचा स्वस्तपणाही बराच विरघळेल. तरी अंदाजावर जाऊ नका, प्रत्येकाची एक तुकडी खरोखर तयार करून पाहा.

तुकडी 15 जणांचीच का, तर त्यालाही कारण आहे. लहान टेकडीवर 24 व्या मद्रास पायदळाचे सुमारे 300 लोक होते. एकास वीस प्रमाणात ते 15 होतात. त्या काळच्या इंग्रजी कवायतीत खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला रांगेत 22 इंच जागा धरत. 300 जण दोन ओळींत उभे केले तर आघाडी होते सुमारे 84 मीटर. पटावर एक मिलिमीटरला एक मीटर धरले तर ती 84 मिलिमीटर भरते, आणि 15 मिलिमीटरचे आठ सैनिक एकेक सेंटिमीटर जागेत उभे केले की 80 मिलिमीटर होतात. दोन्ही टेकड्यांमधले सुमारे 300 यार्डांचे अंतर त्याच मापाने 27 सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे जमिनीचे माप आणि सैनिकांचे माप तुमच्या टेबलावर जवळजवळ जुळते, हा 15 मिलिमीटरचा मोठा फायदा. 28 मिलिमीटर निवडले असते तर तेवढ्याच आघाडीत चारच सैनिक मावले असते आणि तुकडीऐवजी टोळके दिसले असते. 6 मिलिमीटरमध्ये दृश्य याहून भव्य होते, पण अरब आणि शिपाई रंगावरूनच ओळखावे लागतात. या लढाईसाठी तुम्ही निवडलेले माप मला योग्य वाटते.

'मला गणवेशातले कळत नाही' ही तुमची चिंता मी फारशी मनावर घेणार नाही. एका मीटरवरून ओळखू येणाऱ्या पाच-सहा गोष्टी कळल्या तरी पुरे. मद्रास पायदळाचा लाल कोट आणि छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे. अरबांच्या हातातली लांब तोडेदार (जळत्या वातीने डागायची) बंदूक आणि कमरेचा जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर. भोसल्यांच्या स्वाराचा भाला. एवढे बरोबर असेल तर तुमचा खेळ कोणाही जाणकाराला खुपणार नाही. अजब बंगल्यातील म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रांचे दालन पाहून या, म्हणजे तोडेदार बंदुकीची खरी लांबी नजरेत बसेल. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी जाता येत नाही, पण 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात. त्या दिवशी वरून लहान टेकडी किती जवळ आहे ते पाहून घेतलेत तर पट मांडताना त्याचा उपयोग होईल.

आता भाचा. त्याने सुचवलेली 'हुबेहूब' काढून देण्याची कल्पना सरळ नाकारा, आणि नाकारताना ओशाळू नका. दुसऱ्याच्या मूर्तीवरून साचा करणे ही चोरी आहे. असा माल गटातच ठेवला, विकला नाही, तरी मूर्तिकाराची मेहनत फुकट लाटल्यासारखेच होते. शिवाय मालही कमअस्सल निघतो. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नकलेतला सैनिक मुळापेक्षा किंचित लहान होतो आणि कडा बोथट होतात. असा उद्योग त्याने आधीच केलेला नाही ना, हेही आडून पाहून घ्या. त्याचा नमुना तुमच्या परदेशी नमुन्यांपैकी एखाद्याच्याच ढबीत उभा असून जरा आखूड भरत असेल, तर त्याला मोकळेपणाने विचारा.

दुसरा प्रश्न धातूचा, आणि तो सैनिकाच्या रूपापेक्षा मोठा आहे. चांगल्या पांढऱ्या धातूत कथील मुख्य असते, त्यात कणखरपणासाठी अँटिमनी घालतात. शिसे घातले की धातू स्वस्त, जड आणि मऊ होतो. तुमचे तिन्ही नमुने पांढऱ्या कागदावर घासून पाहा. शिसे जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. आमच्या पिढीचे बरेचसे सैनिक शिशाचेच होते, आणि जपून वापरले तर ते वापरता येतात. पण भाचा धातू कुठून आणतो हे विचारलेच पाहिजे. तो जुन्या बॅटऱ्यांच्या भंगारातले शिसे वितळवत असेल तर ते त्याच्यासाठी आणि आसपासच्यांसाठी घातक आहे, आणि तसा माल तुम्ही घेऊ नये. शिसे असलेला सैनिक कानसताना कोरड्या धुळीवर फुंकर मारू नये. कानस ओली ठेवावी, खाली वर्तमानपत्र घालावे, काम संपल्यावर ओल्या फडक्याने जागा पुसून हात साबणाने धुवावेत. टेबलावर चहा-चिवडा नको. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यापासून दूर करावे. शिशाचे सैनिक लाकडी किंवा प्लायच्या बंद खणात वर्षानुवर्षे ठेवले तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. पावसाळ्यातली ओल त्यात भर घालते. रंग आणि वॉर्निश सगळीकडून नीट बसवले तर हे बरेच टळते, पण बेसच्या तळाला रंग द्यायचे लोक विसरतात.

निवडीच्या दिवशी असे करा. तिन्ही उत्पादकांची एकेक तुकडी एकाच माणसाने, एकाच रंगांनी रंगवावी. रंगवणारा वेगळा असला तर आपण रंगकामाची तुलना करत बसतो. बेस एकसारखे. तुकड्यांखाली 1, 2, 3 एवढेच आकडे लिहावेत आणि कोणाची कोणती हे रंगवणाऱ्यालाच ठाऊक असावे. मग त्या टेबलावर मांडून पाच जणांनी हात न लावता आपापले मत लिहून द्यावे, त्यानंतरच हातात घेऊन पाहावे. भाच्याचा मामा त्या पाचांत असला तरी चालेल. त्याचा भाचा तिसरा आला तर निकाल त्याच्याही हातचा असेल, आणि तुमच्या मैत्रीवरचे ओझे उतरेल. माझ्या मते असे पाहिल्यावर दुसरा उत्पादक पुढे येण्याची शक्यता अधिक आहे, कारण बांधेसूद आणि एकसारखे सैनिक रांगेत शोभतात. परंतु त्याच्याकडे चांगला अरब नसेल तर माझे हे मत बाद समजा.

रंगकामाचे वेळापत्रक नागपूरच्या हवेनुसार ठरवावे लागेल. नवतप्यात पारा 45 च्या पुढे गेला की स्प्रे प्रायमर सैनिकापर्यंत पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि अंगावर सँडपेपरसारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात वॉर्निशवर दुधाळ छटा येते. दोन्ही वेळी दोष मात्र सैनिकाला दिला जातो. ब्रशने लावायचा प्रायमर वापरलात तर बाराही महिने काम करता येईल, नाही तर स्प्रे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. आधी सैनिक साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण साच्याला लावलेली पावडर राहिली तर रंग सुटतो.

राहिला तो भाच्याशी व्यवहार. त्याला नुसते 'खडबडीत आहे' असे सांगितले तर त्यातून तो काहीच शिकणार नाही. त्याच्या दहा सैनिकांवर कुठे रेघ चेहऱ्यावरून गेली, कोणत्या चकत्या सरकल्या, कुठे बुडबुडे राहिले, हे कागदावर मांडून द्या. रबरात हवा निघायला बारीक वाटा कोरल्या तर संगिनी भरतात, हेही त्याला दाखवा. त्याच्याकडून शिपाई घेण्याची घाई करू नका. 36 तोफांच्या लढाईत पटावर सहा-आठ तोफा तरी लागतीलच, त्यांना ओढणारे बैल लागतील, आणि परदेशी मालिकांत मिळतात ते बैल बहुधा वशिंड नसलेले, युरोपातले. वशिंडाचा बैल विदर्भातल्या मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. त्याने स्वतः मेणात घडवलेला, खांद्यापर्यंत 13 मिलिमीटर उंचीचा, शिंगे अंगाला लागून ठेवलेला एक बैल आधी दाखवू दे. तो जमला तर बारा जोड्यांची मागणी त्याला रोख आगाऊ रक्कम देऊन नोंदवा, आणि धातूत भंगारातले शिसे नको ही अट त्याच कागदावर लिहून घ्या.